शंभरचा रोल

"बारीक दाणा पाहिजे का जाड?"
खाजामैनोद्दीन विचारतात,
आणि दुकान मोंढ्याच्या तोंडाशी असल्यामुळे
पोतं उतरवून पायरीवर टेकलेला हमाल
ज्वारीचंच चाललंय समजून सांगतो,
"बडी घ्या बाई, भाकर मऊ होते."

रोल फ्रिजमध्ये आहेत, बेगमच्या इन्सुलिनशेजारी.
तीन डब्या. तिन्हींच्या तारखा उलटून गेलेल्या.
"रंगीत माल बासी होतो," ते म्हणतात,
"काळापांढरा नुसता म्हातारा होतो."

चारशेचा मांडवातल्या बल्बवरही चालतो,
पळतं पोरही धरतो,
पण पुसलेल्या ताटात रवा उरावा तसा
दाणा दिसत राहतो.
शंभरचा म्हणजे साय. फक्त उजेड मागतो फार,
आणि समोरच्यानं हलायचं नाही.
तिसरा तहसीलचे नकाशे उतरवायला आणलेला.
त्याला तांबडं दिसत नाही.
तांबडं म्हणजे काळंच, असं तो धरून चालतो.

"फोटो कुणाचा?"
आत्याचा. हंडरगुळीच्या सोजरआत्याचा.
मग म्हणते, "तिला कोड आहे."
भर मोंढ्यात हा शब्द मी घरच्यासारखाच बोलते,
एकदा दाराकडे बघून.

खाजामैनोद्दीन चुकचुकत नाहीत.
त्यांच्यापुरती ही उजेडाची बाब आहे.
नकाशाचा रोल घातला तर एकेक डाग
काठासकट येईल, तळ्यांसारखा.
शंभरचा घातला आणि पुढं तांबडी काच लावली
तर बाकीची कातडी उजळते,
डाग तिच्यात विरून जातात.
"बारा आणे तर जातातच. उरलेले मी ब्रशनं घालवतो.
स्थळाला पाठवायच्या फोटोंतले
लई घालवलेत मी."
एवढं बोलून ते काउंटर पुसायला लागतात,
पुसलेलाच.

आमच्या घरात अल्बम तीन.
आत्या एकाच फोटोत आहे, आईच्या लग्नातल्या,
कडेला. एक कोपर आणि एक बांगडी.
बांगडी हिरवी होती का निळी
ते त्या फोटोवरून सांगता येत नाही.

काच वर्तमानपत्रात गुंडाळून उसनी घेतली.

आत्या चिंचा फोडत होती.
एक हात गव्हाळ, एक मनगटापर्यंत पांढरा,
हातोडी कधी ह्या हातात, कधी त्या.
"काय आणलीस? गोळ्या का?"
मी डब्या चटईवर मांडल्या. डागांचं बोलले नाही,
दाण्याचं बोलले.
"ह्यात पळतं माणूस धरता येतं.
ह्यात हलायचं नाही, आत्या. जरासुद्धा."
"किती येळ?"
"घरात, दाराच्या उजेडाला बसलीस तर
दोनेक सेकंद."
तिनं हातोडी खाली ठेवली.
"दोनच? अगं, छप्पन वर्सं बसलेय मी हितं.
तेच घाल."

स्टँडवर कॅमेरा. कॅमेऱ्याला काच.
आत डोळा लावला तर आत्या सगळी एका रंगाची,
भिंतीसारखी, उंबऱ्यासारखी,
कुणाचीही आत्या.

"ते तांबडं काय लावलीस?"
"काच. आभाळ चांगलं येतं तिच्यानं."
ती वर बघते. पत्रा, आढं, आढ्याला शिंकं.
"घरात बसवून
आभाळाचा काढलालीस का माझा?"

ह्याला उत्तर नव्हतं.
काच काढून मी वर्तमानपत्रात ठेवली.
काच नसली की उजेड जास्त शिरतो,
मग एक सेकंदही पुरला.

त्या सेकंदात कोंबडी दारातून आत आली,
रोल धुतल्यावर बघितलं, तिचा नुसता धूर झालेला.
आत्या झाली नव्हती.
पदराला चिकटलेली चिंचेची शीरही
मोजून घ्यावी इतकी ठाम,
आणि हात दोन्ही, आपापल्या जागी.

पण ते नंतर.
तेव्हा रोलात अजून पस्तीस होते.
मी चावी फिरवली तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली,
चिंचोके झटकले, पदर नीट केला.
"बसून झालं," म्हणाली,
"आता उभ्यानं काढ."